वाढप्यानं तोंड पाहून वाढलं, त्याला शब्द कोणता?

मिरजकर :
कमिटीला अर्ज लिहायचाय आणि एका शब्दावर अडलोय. आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीच्या सणाची उपासना झाली, भाजीपाल्याचा लिलाव झाला (एक भोपळा नऊशेला गेला, ते असो), मग प्रीतिभोजन. मटण होतं. पुढच्या ओळीत कमिटीवाले, दोन डॉक्टर, मुंबईचे पाहुणे. तिथं वगराळं पातेल्याच्या बुडाशी जाऊन येत होतं. आमच्या ओळीत ते वरच्यावर फिरलं. माझ्या शेजारच्या आजींच्या ताटात तर्री आणि बटाट्याची एक फोड. त्या काही बोलल्या नाहीत, भाकरी कुस्करत बसल्या. दर शनिवारी चर्च झाडतात त्या. अर्जात ‘पक्षपात’ लिहिलं तर सेक्रेटरी म्हणतात, फार कडक होतंय, कोर्टात गेल्यासारखं. मग ‘दुजाभाव’ लिहू का?

कऱ्हाडकर :
नको. दुजाभाव मनात असतो. लेक-सून, सख्खं-सावत्र इथं तो शब्द शोभतो. कमिटी म्हणेल, आमच्या मनात तसं काही नव्हतं, की विषय मिटला. ‘पक्षपात’ म्हणजे एका बाजूला कलणं. संस्कृतात ‘गुणपक्षपाती’ हे कौतुक होतं. मराठीत कौतुक गळालं आणि आरोप तेवढा राहिला. शिवाय या शब्दाला दोन पक्ष लागतात, पंच लागतो. तुमच्याकडे तंटा कुठं होता, मटण होतं.

वाईकर :
बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला ‘इथं बसा’, आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू तिकडं उभा राहा, नाहीतर इथं खाली पायाशी बस’. तिथं पक्षपाताला मूळ ग्रीक शब्द ‘प्रोसोपोलेम्प्सिया’. प्रोसोपोन म्हणजे तोंड, पुढचा भाग ‘घेणे’ या क्रियापदाचा. त्याच्यामागे हिब्रूतला ‘तोंड वर उचलणे’ हा वाक्प्रचार आहे, म्हणजे समोरच्यावर मेहेरनजर करणं. आपलं ‘तोंड पाहून टिळा लावणे’ त्याच घरातलं. फक्त ‘तोंडदेखलं’ लिहू नका, आज ऐकणारा त्याचा अर्थ ‘वरवरचं’ असा घेतो.

मिरजकर :
पण वाढपी पोरगा वाईट नव्हता हो. डॉक्टरांसमोर आला की त्याचा हात आपोआप खाली जायचा.

वाईकर :
ती भीड. पक्षपात प्रेमापोटी होतो असं आपण समजतो, निम्म्या वेळा तो भिडेपोटी होतो. याकोबही तेच विचारतो, श्रीमंतच तुम्हाला न्यायासनापुढं ओढतात ना, मग त्यांचा एवढा मान कशाला? आणि दुसरी बाजूही आहे. लेवीय १९:१५ मध्ये न्याय करताना थोराची भीड नको म्हटलंय, तशी गरीब म्हणून गरिबाची बाजूही नको म्हटलंय. तेव्हा आजींची कीव आली म्हणून अर्ज करू नका.

कऱ्हाडकर :
कीव कसली? दात नसलेल्या माणसाला मऊ फोड बघून वाढली तर कुणी नाव ठेवणार नाही. इथं फोडच नव्हती. तुमचा शब्द ‘पंक्तिप्रपंच’. एकाच पंगतीत बसवायचं आणि वाढताना उजवं-डावं करायचं. यात मनात काय होतं याचा प्रश्नच येत नाही, ताट दिसतं.

सातारकर :
मला हा शब्द खटकतो. तो सोवळ्याच्या पंगतीतला आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पणजोबांना त्या पंगतीत पानच नव्हतं, मग प्रपंच कुठला? मंडळीत आलो ते एका पंगतीला बसायला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशन सोडून १९१७ साली आमच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालत. खरं तर दरबार म्हटलं की मानाप्रमाणे बैठका आल्या. त्यांनी नेमका तोच शब्द उचलून उलटा वापरला.

कऱ्हाडकर :
मग हाही उलटा वापरू. ज्यांना त्या पंगतीनं बाहेर ठेवलं, त्यांच्याच नातवंडांनी वगराळं हाती आल्यावर तेच केलं, तर दुसरा शब्द कशाला शोधायचा? करिंथच्या मंडळीतही प्रभुभोजनाला जमल्यावर एक भुकेला राहायचा नि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. पौलानं त्यांना चांगलं फैलावर घेतलंय, पहिलं पत्र, अकरावा अध्याय.

वाईकर :
अर्जात मागणी काय आहे? नुसता शब्द घालून काय होणार? प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी गैरसमज झालाय म्हटलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, वाटप त्यांच्याच माणसांकडे गेलेलं दिसतं.

मिरजकर :
‘पंक्तिप्रपंच’च लिहिलं. सेक्रेटरींचा फोन आला, अर्थ काय म्हणून. सांगितला. इतिवृत्तात ‘जेवणव्यवस्थेत किरकोळ त्रुटी राहिली’ असं गेलंय. पण वाढपाला मागच्या ओळीतले चौघे घ्यावेत ही मागणी तशीच्या तशी नोंदवलीय. त्यात आजींचं नाव मीच दिलं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, वगराळं जड असतं, मला भाकरीची टोपली द्या.