मदत हवी आहे: हायड्रोपोनिक्सवर फ्लॉवर-ब्रोकोली, तीन हंगाम गेले, गड्डा धड येत नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यात गच्चीवर दोन वर्षांपासून मातीविना भाजी लावतेय. लेट्यूस, पालक, पुदिना झकास येतात, शेजारीण आता पिशवी घेऊनच वर येते. त्या जोरावर फ्लॉवर-ब्रोकोलीला हात घातला आणि तोंडावर आपटले.

चार इंची पीव्हीसी पाइप, खाली १०० लिटरची टाकी. सगळी झाडं त्याच पाण्यावर. ईसी (पाण्यात विरघळलेलं खत किती, त्याचं माप) १.२, पीएच (आम्लतेचं माप) ६ ते ६.५.

पहिल्यांदा जूनअखेर 'स्नोबॉल' लिहिलेलं बी पेरलं. पानं सुपाएवढी, दिवाळी उलटली तरी गड्ड्याचं नाव नाही. नवरा म्हणाला, पानांचीच भाजी कर. (केली. वाईट नव्हती.)

पुढच्या खेपेला ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'लवकर येणारी जात' आणली. मध्ये गावी गेल्यामुळे रोपं दीड महिना ट्रेमध्येच राहिली. लावल्यावर डिसेंबरअखेर लिंबाएवढा गड्डा आला आणि तिथेच अडकला.

मग जानेवारीत ब्रोकोली. मार्चमध्ये गड्डा आला तो सुटा सुटा, चार दिवसांत पिवळी फुलं. दुपारी टाकीतलं पाणी ३१ अंश होतं. मुळं तपकिरी, हात लावला तर बुळबुळीत.

कोणत्या हंगामात काय लावू? खत कमी पडतंय का? 'सरळ मातीत लाव' हे सासूबाईंनी सांगून झालंय, कृपया तो सल्ला नको :)

– गच्चीवाली

*

ताई, पहिल्या दोन्ही वेळेला बी आणि महिना यांची उलटापालट झालीय. स्नोबॉल गटातल्या जातींना गड्डा धरायला चांगली थंडी लागते, साधारण १० ते १६ अंश. ती मिळेपर्यंत झाड पानंच काढत बसतं. पुसा दीपालीसारख्या लवकरच्या जाती उलट २०-२५ अंशांतही गड्डा धरतात. त्या उशिरा लावल्या की थंडी लागताच, झाड पुरतं वाढायच्या आत गड्डा धरतात, म्हणून लिंबू! त्यात दीड महिन्याचं रोप. २५-३० दिवसांचं झालं की लावून टाका, ट्रेमध्ये अडकलेलं रोप पुढे कितीही खाऊ घातलं तरी दबलेलंच राहतं.

मी पुण्यातच आहे. लवकरची जात जून-जुलैत पेरतो, स्नोबॉल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ब्रोकोलीही सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे गड्डा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतो. मधला गड्डा कापल्यावर झाड उपटू नका, बगलेतून छोटे गड्डे येत राहतात. आमच्याकडे त्या दुसऱ्या तोड्यावरच मुलं खूश असतात.

मार्च ते मे हा नाद सोडा. पाणी गार करता येईल, गच्चीवरची हवा कशी करणार? तेव्हा ब्रोकोलीचे मायक्रोग्रीन (कोवळेपणीच कापून खायची इवली रोपं) करा, घरात खिडकीपाशी ८-१० दिवसांत तयार होतात.

– कोबीकाका

*

काकांशी सहमत, पण खताचा प्रश्नही आहेच. ईसी १.२ वर लेट्यूस सुखी, फ्लॉवर उपाशी. नत्र कमी पडलं तरी गड्डा बारीक राहतो. टाकी वेगळी करा. माझं गणित असं: रोप रुजेपर्यंत १.२, मग १.५, गड्डा धरायच्या वेळी २ ते २.५.

देठ आतून पोकळ किंवा गड्ड्यावर तपकिरी डाग दिसले तर बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडतंय का बघा. पानाचं पातं आक्रसून नुसती शीर चाबकासारखी उरली तर मॉलिब्डेनम कमी, बहुतेक पीएच खाली गेलेला असतो.

आणि पाइप नको. मुळं पाइप तुंबवतात, झाड वरून जड होऊन कलंडतं. १५ लिटरच्या बादलीत धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), एका बादलीत एकच झाड. टाकी सावलीत ठेवा, बाहेरून पांढरी रंगवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मुळं त्यामुळेच कुजली असणार.

– ठिबकसिंचन

*

दोघांचेही खूप आभार! म्हणजे मी पावसाळ्यात थंडीचं बी पेरलं आणि थंडीच्या तोंडावर पावसाळ्याचं. पाकिटावर महिना छापला असता तर काय बिघडलं असतं?

आठ बादल्या आणतेय. चार फ्लॉवर, चार ब्रोकोली, सप्टेंबरअखेर पेरणी. गड्डा पांढरा राहावा म्हणून पानं बांधायची ती नेमकी कधी?

– गच्चीवाली

*

गड्डा अंड्याएवढा दिसला की. वरची पानं जवळ घेऊन सुतळीने सैल बांधा, पण आधी आत डोकावून बघा. हिरव्या अळ्या तिथेच दडून बसतात, आणि एकदा बांधलं की आपण आठवडाभर विसरतो.

– कोबीकाका