तळघरात रेडॉन ६.८, नुसते तडे बुजवून भागेल?

बेसमेंटकर:
न्यू जर्सीत घर घेतोय. दोन दिवसांच्या चाचणीत तळघरात रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू) लिटरमागे ६.८ पिकोक्युरी निघाला. विकणारा म्हणतो, फरशीचे तडे बुजवून देतो. सम्पचा (फरशीखालचं पाणी गोळा करणारा) खड्डा उघडा आहे, गॅसचा वॉटर हीटरही तिथेच. एवढ्याने आकडा ४ च्या खाली येईल?

पाइपवाला:
भरवसा ठेवू नका. थंडीत घरातली गरम हवा वर चढते, तळघरातला दाब किंचित उतरतो आणि जमिनीतली हवा मिळेल त्या फटीतून आत येते. भिंत-फरशीचा सांधा आणि उघडा सम्प हेच तिचे मोठे दरवाजे. म्हणून फरशीखालचा दाब घरापेक्षा कमी ठेवायचा. फरशीला ५ इंची भोक पाडून खालची दोन-तीन बादल्या खडी-माती काढतात, तिथून ३ किंवा ४ इंची पीव्हीसी पाइप छपराच्या वर नेतात. पंखा ॲटिकमध्ये किंवा घराबाहेर. तळघरात अजिबात नको. पंख्यापुढचा सांधा गळला तर रेडॉन घरातच फुंकला जाईल. आडव्या पाइपचा उतार खड्ड्याकडे हवा, नाहीतर पाणी साचून वाट बंद. सम्पवर हवाबंद झाकण. तडेही बुजवायचेच, पण ते पंख्याने घरातली हवा ओढू नये म्हणून.

खडूस इन्स्पेक्टर:
आधी एक भोक पुरेल का ते बघा. भोकाला व्हॅक्यूम लावा, लांबच्या कोपऱ्यात बारीक छिद्र पाडून धूर धरा. खाली ओढला गेला तर ठीक. खाली खडी असेल तर बहुधा एकात भागतं, चिकणमाती असेल तर दोन-तीन लागतात.
वॉटर हीटरकडे दुर्लक्ष नको. पंखा तळघराचीच हवा ओढू लागला तर चिमणीतला धूर उलटा घरात येतो, कार्बन मोनॉक्साइडसकट. पंखा लागल्यावर चिमणीची ओढ तपासून घ्या.

बेसमेंटकर:
फेरचाचणी कधी? आणि ४ च्या खाली आलं की झालं?

खडूस इन्स्पेक्टर:
पंखा सुरू होऊन २४ तास उलटल्यावर, ३० दिवसांच्या आत. १२ तास आधीपासून दारं-खिडक्या बंद. चाचणीची डबी जमिनीपासून किमान २० इंच वर, सम्प आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. ४ ही अमेरिकेतली कारवाईची पातळी आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा घनमीटरला १०० बेकरेल, म्हणजे साधारण २.७.

पाइपवाला:
पाइपवरच्या दाब दाखवणाऱ्या यू-नळीतला रंगीत द्रव दोन्हीकडे एकाच पातळीवर दिसला तर पंखा ओढत नाहीये. पातळीत फरक असला तरी त्यावरून रेडॉन कळत नाही. दर दोन वर्षांनी डबी ठेवावीच लागते.