डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा हवी की नको?

ठाणेकर:
ठाण्यात वन बीएचकेचं भाडं २८ हजार, डिपॉझिट दीड लाख, वर एजंटला एक महिन्याचं भाडं. पहिल्या महिन्याचं भाडं धरून किल्ली हातात यायच्या आधीच २ लाख ६ हजार गेले. नुकत्याच नोकरीला लागलेल्या जोडप्याने एवढे पैसे आणायचे कुठून? आणि घर सोडताना वेगळाच ताप. आमच्या मालकांनी रंगकामाचे म्हणून ४० हजार कापले, बिल मागितलं तर दाखवलं नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण तो नुसता नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्राने तो स्वीकारायलाच हवा.

घरमालकीण:
दोन महिने? माझा फ्लॅट सव्वा कोटीचा, भाडं ३० हजार. वर्षाला पुरते तीन टक्केसुद्धा सुटत नाहीत. त्यातून मालमत्ता कर, मेंटेनन्स आणि घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. मागच्या भाडेकरूने चार महिने भाडं थकवलं आणि विजेचं बिल न भरताच निघून गेला. डिपॉझिट होतं म्हणून निभावलं. तुमच्या मर्यादेत माझे निदान दोन महिने बुडाले असते. ते कोण भरून देणार होतं?

गिरगावकर:
ताईंशी सहमत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पुढे काय झालं ते आमच्या चाळीत येऊन बघा. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची डागडुजीही होईना. भाड्यासाठी नवं घर बांधायला कोणी पुढे येईना आणि पगडीचा, म्हणजे घर देताना मोठी रक्कम एकदम घेण्याचा व्यवहार फोफावला. सरकारने हात घातला की भाड्याची घरं बाजारातून नाहीशी होतात.

ठाणेकर:
गिरगावकर, तिथे भाडं गोठवलं होतं. या नमुन्यात भाडं दोघांनी आपसात ठरवायचं आहे, मर्यादा फक्त डिपॉझिटला. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका.

कोर्टपायरी:
ताई, करार नोंदवला होता का? आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराची मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट शुल्कही (म्हणजे भाडं) मागता येतं. हजार-दोन हजार वाचवायला लोक नोटरीवर काम उरकतात आणि मग सगळी भिस्त डिपॉझिटवर ठेवतात. हे मला मुळीच पटत नाही.

घरमालकीण:
नोंदवला होता, पोलीस पडताळणीही केली होती. पण तुमचं कलम २४ मुदत संपल्यावरचं. माझ्या भाडेकरूने पाचव्या महिन्यापासूनच भाडं थकवलं. तेव्हा काय करायचं? पाणी-वीज तोडता येत नाही, तोडूही नये. मग उरतं डिपॉझिटच.

ठाणेकर:
काकू, त्याचीच तरतूद नमुन्यात आहे. लागोपाठ दोन महिने भाडं थकलं तर घर परत मागता येतं, आणि भाडे न्यायालयाने ६० दिवसांत निकाल द्यायचा आहे. मुदतीनंतरही राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं, पुढे चौपट. आणि भिंतींचा रंग हा मालकाचा खर्च, नळाचे वॉशर, स्विच भाडेकरूचे, अशी यादीच त्यात आहे. माझे ४० हजार कशाच्या आधारावर कापले, हे मला तिथे विचारता आलं असतं.

घरमालकीण:
रंगाचं मान्य, भिंती नुसत्या जुन्या झाल्या असतील तर भाडेकरूचे पैसे कापणं चूकच. पण ६० दिवस कागदावर आहेत. आज सगळीकडे खटले तुंबलेत, हे न्यायालय वेगळं कसं चालेल? माणसं नेमा, दोन महिन्यांत घर परत मिळतंय हे वर्षभर दिसू द्या. मग मीच दोन महिन्यांवर करार करीन. त्याआधी मर्यादा आणली तर मी फ्लॅट कुलूप लावून ठेवीन.

ठाणेकर:
आणि ते वर्षभर आम्ही दीड लाख भरत राहायचं? न्यायालय आणि मर्यादा एकाच दिवशी लागू करा. निम्मा कायदा आम्हालाही नको.