दोन पावसाळ्यांत मेन दार फुगलं, थर सुटले, आता काय करावं?

कपाशीवाला, जि. यवतमाळ
नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा. दारव्हा तालुक्यात गाव आहे आमचं. मागच्या वर्षी मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं, कापसाचे जे आले ते सगळे त्यातच गेले. मेन दार तरी चांगलं पाह्यजे म्हणून तालुक्याच्या दुकानातून सागाचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेलं फ्लश डोअर आणलं, कुलूप-कडी-बिजागऱ्या धरून साडेतेरा हजार. दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ आहे, पाच वर्षं पाहायचं काम नाही. एप्रिलमध्ये बसवलं. पहिल्या पावसाळ्यात खालची बाजू थोडी जड लागायला लागली तेव्हा म्हटलं होते असं. या मे महिन्यात व्हिनिअरला उभ्या भेगा पडल्या आणि आता ऑगस्टमध्ये खालचं वीतभर फुगून पापुद्रे सुटले, कुलपाची जीभ चौकटीत बसत नाही, खांदा लावून लोटा लागते.

दार पश्चिमेला आहे, वर सज्जा दीड फुटाचा. फरशी नंतर बसवली म्हणून सुतारानं खालून सव्वा इंच कापलं होतं. दुकानदार आता तेच धरून बसला आहे, दार कापलं म्हणजे वॉरंटी गेली म्हणते.

मला पैशापेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटते की आई पहाटे चारला उठते, सडा टाकते, आणि पंधरा दिवस झाले तिच्याच्यानं दार ओढल्या जात नाही, कोणी उठेपर्यंत ती आत बसून राहते. जुन्या घराचं दार आजोबांच्या वेळचं होतं, त्याला असं कधी झालं नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा, हे दुरुस्त होते की फेकाच लागते?

सुतारकाम, बल्लारपूर
भाऊ, थर एकदा सुटले की ते दार परत बसत नाही, फेव्हिकॉल भरून शिकंज्यात दाबलं तरी पुढच्या पावसात पुन्हा उघडते. खोटी आशा देत नाही.

फ्लश डोअर म्हणजे आत लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्हीकडून प्लाय चिकटवलेला, म्हणून सगळा खेळ डिंकाचा आहे. स्वस्त मालात युरिया फॉर्मल्डिहाइड असते, होय, आपण कपाशीला देतो त्याच युरिया रसायनापासून केलेला डिंक, घरातल्या दारांना तो चालते पण पाणी आणि ऊन लागलं की सुटते. बाहेरच्या दाराला फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा डिंक पाह्यजे, त्याला बाजारात बीडब्ल्यूपी म्हणतात, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात तो यासाठीच. साध्याला एमआर म्हणतात, म्हणजे फक्त ओल सहन करणारा. बरेच दुकानदार एमआरलाच वॉटरप्रूफ म्हणून विकतात, माझ्याकडे दर पावसाळ्यात अशी दारं येतात.

सव्वा इंच कापलेली पट्टी घरात कुठं पडली असेल तर शोधा. दोन-तीन तास पाण्यात उकळा, पण अंगणात चूल मांडून आणि फेकायच्या भांड्यात, त्याचा वास डोळ्याला झोंबते. थर सुटले तर तुमचं उत्तर मिळालं.

सुताराचीही चूक आहेच. कापल्यावर उघडी पडलेली कड प्रायमर, पेंट काहीतरी मारून बंद करा लागते. दार उभं करून समोर-मागे पॉलिश मारतात आणि खालची कड जी कोणाला दिसत नाही ती कोरीच राहते, फरशी पुसली की तिथूनच पाणी चढते. वरून पश्चिमेचं दार, दीड फुटाचा सज्जा, मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीचं दुपारचं ऊन आणि जुलैत झड सरळ दारावर. सज्जा अडीच-तीन फूट काढा, मग कोणतंही दार दुप्पट जगेल.

झाडीपट्टीकर, गोंदिया
मी तर लोखंडी दार लावून घेतलं, पण सांगतो, उन्हाळ्यात दुपारी हात लावल्या जात नाही एवढं तापते आणि खालून तीन वर्षांत गंजलं. पीव्हीसीचं बाथरूमला बरं आहे, पश्चिमेच्या उन्हात आमच्या शेजाऱ्याचं वाकून गेलं. आणि चौकटीचा जो भाग भिंतीला टेकते त्याला डांबर लावलं होतं का ते पाहा, आमच्याकडे उदई (वाळवी) तिथूनच वर चढते.

वर्धेची ताई
दादा, दुकानदाराचं ऐकून गप्प बसू नका. फरशीच्या हिशोबानं दार खालून छाटतात हे विकणाऱ्यालाही माहीत असते, तेवढ्यावरून जबाबदारी संपत नाही, आणि तुमचं तर व्हिनिअरही फाटलं आहे, त्याचा कापण्याशी काय संबंध? आधी १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मग दुकानदाराला साध्या भाषेत लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, पंधरा दिवस द्या. नाही ऐकलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे यवतमाळलाच, तक्रार टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून दिवाळी होऊ द्या, तूर निघू द्या करत बसू नका. बिल आहे ना?

कपाशीवाला
ताई, पक्कं बिल नाही, कच्ची पावती आहे, त्यावर "मेन डोअर वॉटरप्रूफ" असं त्यानंच हातानं लिहिलं आहे. पैसे यूपीआयनं दिले होते.

पट्टी सापडली, आईनं माठाखाली टेकण म्हणून ठेवली होती. काल अंगणात पऱ्हाट्या पेटवून एका जुन्या गंजात (पातेल्यात) उकळली. तासाभरातच थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडले, मी उभा राहून पाहत होतो आणि खरं सांगतो, डोक्यात आग गेली. साडेतेरा हजार म्हणजे दोन क्विंटल कापूस झाला हो.

वर्धेची ताई
"वॉटरप्रूफ" या शब्दानंच दुकानदार अडकते, पावती जपून ठेवा आणि आजच तिचा मोबाइलवर फोटो काढा, कच्च्या पावतीची शाई उडून जाते. बँकेच्या स्टेटमेंटची प्रत काढा. पट्टीचे उरलेले तुकडे, दाराचे फोटो, सगळं तारखेसकट ठेवा. आणि फोटो काढून होईपर्यंत दाराला रंधा लावू नका.

सुतारकाम, बल्लारपूर
ताईंचं बरोबर आहे, फोटो आधी. पण त्यानंतर कुलपाच्या बाजूनं दोन-तीन सूत रंधून टाका, आईला रोज कोंडून ठेवण्यात काही अर्थ नाही. सागाच्या अखंड दाराला मी ऑगस्टमध्ये रंधा कधीच लावू देत नाही, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आकसते, आता छाटलं तर उन्हाळ्यात बोटभर फट दिसते. हे दार मात्र जाणारच आहे.

आता मला सांगा, आजोबांचं दार कुठं आहे?

कपाशीवाला
गोठ्यात आहे, त्याच्यासमोर सोयाबीनचं कुटार (सुका भुसा) भरलं आहे. काढून मोजलं. दोन पल्ल्यांचं आहे, उंची पाच फूट नऊ इंच, दोन्ही मिळून रुंदी तीन फूट एक इंच. नवी चौकट आतून पावणेसात बाय सव्वातीन फूट. बिजागऱ्या नाहीत, वर-खाली लाकडाचे खुंट आहेत. खालच्या एका कोपऱ्यात उदईनं दोन बोटं खाल्लं आहे, बाकी टणटण वाजते.

सुतारकाम, बल्लारपूर
मग नवीन दार घेऊच नका. उदईनं पांढरा भाग खाल्ला असेल, सागाचा गाभा ती सहसा सोडून देते. तेवढा कोपरा कापून सागाचाच तुकडा सांधून घ्या. खुंट कापा, प्रत्येक पल्ल्याला तीन बिजागऱ्या, पाच इंची. रुंदीत दोन इंच कमी पडते तिथं दोन्ही बाजूंनी एकेक इंचाची सागाची पट्टी चौकटीला मारा. वर जो फूटभर राहते तिथं आडवी पट्टी टाकून जाळीचं व्हेंटिलेटर करा, मेमध्ये हवा खेळेल. मजुरी, बिजागऱ्या आणि पट्ट्या धरून चार-साडेचार हजारात व्हावं. सहाही बाजूंना तेल लावूनच उभं करा, खालची कड आधी.

कपाशीवाला
नोटीस लिहून झाली, उद्या पोस्टात टाकतो. फोटो काढून दार रंधलं, आज पहाटे आईनं स्वतः उघडलं. गावातला सुतार पोळ्यानंतर येतो म्हणाला, सज्जाचं काम दिवाळीनंतर. तेल कोणतं, जवसाचं का? घाण्याचं घरी आहे.

सुतारकाम, बल्लारपूर
जवसाचंच. पण घाण्याचं कच्चं तेल या हवेत आठ-पंधरा दिवस चिकटच राहते, धूळ धरते. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळते ते आणा. पातळ हात मारा, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या, वाळू द्या, मग दुसरा, असे तीन. आणि पुसलेला फडका गोळा करून गोठ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाचा फडका वाळता वाळता आतून तापते आणि आपोआप पेट घेते, तुमच्या तिथं कुटार आहे. पाण्यात बुडवून ठेवा, नाही तर मोकळ्यात पसरून वाळवा.