क्रूझला पहिल्यांदाच जातोय: सव्वादोन वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची लेक आणि बोट लागणाऱ्या सासूबाई

नमस्कार मंडळी,

सुट्टीत आम्ही सहाजण सात रात्रींच्या क्रूझला निघालोय. घरात याआधी कुणीच गेलेलं नाही. बोट प्रचंड मोठी आहे, घसरगुंड्या, पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, सगळं आहे म्हणे. मला मात्र रात्री झोप लागत नाही. सासूबाईंना बोट लागते, शिवाय गुडघे दुखतात. धाकट्याचा डायपर अजून सुटलेला नाही. आणि एवढ्या गर्दीत लेक नजरेआड झाली तर काय करायचं? केबिन अजून ठरवलेल्या नाहीत. ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

———

उत्तर:

ताई, केबिन ठरवल्या नाहीत हे फार बरं झालं. सासूबाईंचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. बोटीच्या लांबीच्या मध्यावरची आणि जमेल तितक्या खालच्या डेकवरची, म्हणजे मजल्यावरची, केबिन घ्या. लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात, आणि बाजूला कलते तेव्हा वरचे मजले जास्त हलतात. मध्यावर, खाली, दोन्ही त्रास कमी. पाण्याखाली बोटीच्या दोन्ही बाजूंनी पंखांसारखे स्टॅबिलायझर बाहेर काढता येतात, त्यांनी बाजूचं हेलकावणं पुष्कळ कमी होतं. पुढे-मागे झुलणं मात्र त्यांच्या हातात नाही. बाल्कनीचा मोह बहुधा वरच्या डेकवर नेतो. त्यांच्यासाठी साधी खिडकीची केबिन घ्या, क्षितिज दिसलं की बरं वाटतं. गोळी कोणती घ्यायची ते त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारा. या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घेतल्या तरच नीट काम करतात.

गुडघ्यांबद्दल. सर्वांत मोठ्या बोटींचा आकार डोळ्यांसमोर आणा: जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे ३६५ मीटर लांब आहे. डेक २०, प्रवासी जास्तीत जास्त ७,६०० आणि कर्मचारी दोन हजारांहून अधिक. तुमची बोट याहून लहान असेल, तरी केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत चांगलंच चालावं लागतं. केबिन लिफ्टजवळ हवी. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आपली न्या किंवा भाड्याची आधी ठरवा. बोटीवरच्या खुर्च्या सहसा चढण्या-उतरण्यापुरत्या आणि अडीअडचणीसाठी असतात.

आता धाकट्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे आमची चूक झाली होती. मुलांचे क्लब बहुतेक बोटींवर तीन वर्षं पूर्ण झालेल्या, डायपर सुटलेल्या मुलांसाठी असतात. त्याहून लहानांसाठी काही बोटींवर पाळणाघर असतं, त्याचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या. तलावांचंही तेच. डायपरमधल्या मुलाला तलावात नेता येत नाही, पोहण्याचा खास डायपर घातला तरीही नाही. नियम कडक वाटतो, पण एकाच्या पोटाचा विकार त्याच पाण्यात खेळणाऱ्या सगळ्या मुलांना होऊ शकतो. काही बोटींवर अशा चिमुकल्यांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते. आम्ही हे काहीच न विचारता गेलो. आमचा मुलगा रोज तलावाच्या काठाशी उभा राहून रडायचा आणि आम्हाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तुमच्या बोटीवर काय आहे ते कंपनीला आजच लेखी विचारा.

लेकीची तितकी काळजी नको. क्लबमध्ये मूल सोडताना आणि नेताना नोंद होते. काही ठिकाणी मोठ्या मुलांना एकटं बाहेर पडू देण्याची परवानगी पालकांकडून घेतात. पहिले दोन दिवस तरी देऊ नका, तिला रस्ते कळू द्या. तलावावर जीवरक्षक प्रत्येक बोटीवर असतोच असं नाही, त्यामुळे तिथे तुमच्यापैकी एकजण हवाच. आणि बाल्कनी घेतलीत तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा.

एक कळकळीची विनंती. पहिल्या दिवशी मस्टर ड्रिल असतं, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम. लोक कंटाळतात. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ जीव गेले. त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची तालीम झालेलीच नव्हती; तेव्हा ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. हल्ली बऱ्याच बोटींवर फोनवर व्हिडिओ बघून आपापल्या ठिकाणी हजेरी लावायची असते. दोन्ही मुलांना घेऊन जा, लहान मापाची लाइफ जॅकेट कुठे मिळतात ते विचारा. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा इशारा लेकीला पाठ करून घ्या.

———

उत्तर:

काकांनी सगळं छान लिहिलंय, माझी थोडी भर. सासू-सासरे तुमच्याकडे परदेशात व्हिसावर आले असतील तर तो एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना ते तपासा. बोट देशाबाहेर जाऊन परत येते, म्हणजे हा नवा प्रवेश धरला जातो.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच द्यायच्या असतात, केबिनपर्यंत पोहोचायला कधी संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, डायपर आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

घड्याळ बोटीच्या वेळेवर. बंदरात फोन आपोआप स्थानिक वेळ घेतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. आम्ही एकदा असेच फसलो, मुलाला कडेवर घेऊन धक्क्यावरून धावलो. बोट थांबत नाही. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, बोटीवरच्या रोमिंगचं बिल फार मोठं येतं.

जेवणाआधी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला नुसत्या सॅनिटायझरने फारसा फरक पडत नाही. दवाखाना बोटीवर असतो, पण पैसे पडतात. वैद्यकीय विमा घ्या, बोटीवरून हलवण्याचा खर्च त्यात आहे ना ते बघून.

———

उत्तर:

काका, ताई, मनापासून आभार. रात्री सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाई-सासऱ्यांना मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खिडकीची केबिन घेतोय, आणि शेजारचीच आम्हाला. व्हिसा तपासला, एकाच प्रवेशाचा नाही, सुटलो. पाळणाघर आणि धाकट्याच्या पाण्यात खेळण्याबद्दल कंपनीला आज लिहिलंय. उत्तर आलं की इथे कळवते, पुढे कुणी एवढं लहान मूल घेऊन जाणार असेल त्यांना उपयोगी पडेल.