पंधरा हजार मागायला जीभ रेटत नाही. मास्तरांना विश्वास आहे, मलाच नाही

सुईदोरा_सोलापूर

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापुरात गारमेंटच्या एका कारखान्यात आहे. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. वय ३१, शिक्षण नववी. अकरा वर्षं झाली मशीनवर. आधी काज-बटण, मग ओव्हरलॉक, आता कॉलर. पैसे पीसवर. शाळा सुरू व्हायच्या आधीचे तीन-चार महिने दहा-साडेदहा हजार निघतात, दिवाळीनंतर सहाही होत नाहीत.

आमचे कटिंग मास्तर ६४ वर्षांचे आहेत. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. लॉकडाऊननंतर माणसं कमी होती, तेव्हा कापडाचे थर लावायला हात पाहिजे म्हणून त्यांनी मला मशीनवरून उठवून टेबलाशी नेलं. पुढे माणसं परत आली, पण त्यांनी मला रोजचे दोन तास ठेवूनच घेतलं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजायचा कसा, उभा धागा ओळखायचा कसा, मार्करमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या आखणीत, बाहीचा तुकडा कुठं सरकवला की कापड वाचतं, सगळं दाखवलं. खडू माझ्या हातात आणि ते नुसते बघत उभे, असं किती दिवस चाललं.

एकदा त्यांनी कापायची मशीनच हातात दिली. ६० थर होते. एक वळण चुकलं की साठ शर्टांचं नुकसान. मालक तिथंच होते. ते म्हणाले, "मास्तर, बाईच्या हातात मशीन?" मास्तर म्हणाले, "चुकलं तर माझ्या पगारातून कापा." आणि चहाला निघून गेले. मी कापलं. एक तुकडा वाया गेला नाही. पण दोन दिवस झोपेत मला ते पातं दिसत होतं.

आता मास्तर काम सोडून हैदराबादला मुलाकडे चाललेत. टेबल माझ्याकडं द्या असं त्यांनीच मालकांना सांगितलंय. मालक तयार आहेत. पगार महिन्याचा, पीसवर नाही. मास्तरांना २० हजार मिळतात. मला म्हणाले, "अम्मा, पंधराच्या खाली हो म्हणू नको." मालकांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "किती घेणार?" मी काय म्हणाले असेन? "तुम्ही द्याल ते." मालक म्हणाले, विचार करून शनिवारी ये.

माझी आई विड्या वळायची. माल जमा करायला गेलं की तपासणारा माणूस मूठ-दोन मूठ विड्या काढून बाजूला टाकायचा. त्याला छाट म्हणतात. त्याचे पैसे नाहीत. आई कधी भांडली नाही. मी तिच्याबरोबर रांगेत उभी राहायचे आणि त्या माणसाचा हात आज किती खाली जातो एवढंच बघायचे. अजूनही कुणी मला काही द्यायला लागलं की पहिला विचार तोच येतो, यातून आता किती काढणार.

मास्तरांना माझ्यात जे दिसतं ते मला दिसत नाही. आणि ते तर चाललेत. तुमच्यापैकी कुणाला असा माणूस भेटला होता का? दुसऱ्याच्या विश्वासावर माणूस किती दिवस चालू शकतो?

धोटा

ताई, मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. मनाचं मला फार समजत नाही, हिशोब समजतो, तेवढाच सांगतो.

मालकाला कटिंगवाल्याची किंमत अॅव्हरेजवरून कळते, म्हणजे एका शर्टाला सरासरी किती कापड लागलं त्यावरून. तुम्ही मार्कर नीट बसवून एका शर्टामागे फक्त ४ सेंटीमीटर कापड वाचवलं, तर ५०० शर्टांमागे २० मीटर वाचतं. कापड १२० रुपये मीटर धरा, २,४०० रुपये झाले. सीझनला तुमच्याकडे असे ५०० किती वेळा कापले जातात ते तुम्हालाच माहीत. मागच्या दोन-तीन लॉटचं अॅव्हरेज मास्तरांच्या वहीत असेल. ते उतरवून घ्या आणि कागद खिशात घालून केबिनमध्ये जा. तुम्ही मागताय ते तुम्हीच वाचवलेल्यातलं आहे.

पांढरी_टोपी

सुईदोरा, तुझं लिहिलेलं वाचून रात्रपाळीत उठून एक चक्कर मारून आले. तुला एकेरी लिहितेय, मी तुझ्यापेक्षा चांगली पंधरा वर्षांनी मोठी आहे.

मी आज सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. २४ व्या वर्षी मी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात मावशी होते. दहावी पास, पदरात तीन वर्षांचा मुलगा, नवरा असून नसल्यासारखा. फरशी, बेडपॅन, रक्ताचे कपडे. वयानं माझ्यापेक्षा मोठी माणसंही मला मावशी म्हणायची. मला नाव आहे हे मीही विसरत चालले होते.

तिथे एक सिस्टर होत्या, केरळच्या. मराठी मोडकंतोडकं. त्या मला पहिल्या दिवसापासून नावानं हाक मारायच्या. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. ओव्हर देताना त्या मला शेजारी उभं करायच्या आणि मध्येच थांबून विचारायच्या, "चार नंबरने जेवण किती खाल्लं?" ते मलाच माहीत असायचं, कारण ताट मीच उचललेलं. मग मी सांगितलेलं त्या लिहून घ्यायच्या. माझ्या तोंडचं वाक्य कागदावर उतरताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

नंतर थर्मामीटर वाचायला शिकवलं. इंजेक्शनला कधी हात लावू दिला नाही, ते योग्यच होतं. एका रात्री एका लेकराला १०३ ताप निघाला. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, मावशीनं मोजलाय ना, पुन्हा बघा. सिस्टरनी पुन्हा मोजला, तो मोजायलाच हवा. १०३. तो थर्मामीटर त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिला, माझं नाव घेऊन म्हणाल्या, "तिने बरोबर वाचला." एवढंच. पण मी त्या रात्री घरी चालत जाताना रस्त्यात मोठ्यानं रडले. आनंद होता असं म्हणता येणार नाही. इतके दिवस आपण कुणाला बरोबर वाटलोच नव्हतो, हे त्या क्षणी कळलं, म्हणून रडले.

पुढच्या महिन्यात त्या बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म घेऊन आल्या. मी म्हटलं, सिस्टर, मला नाही जमणार. त्या म्हणाल्या, "जमणार की नाही ते परीक्षा सांगेल. तू आत्ता फोटो दे." फीचे पैसे त्यांनी भरले आणि माझ्या पगारातून दरमहा शंभर कापून घेतले. ते पैसे कापले याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. फुकट दिले असते तर ती मदत झाली असती. कापले, म्हणजे मी फेडू शकणारी बाई आहे असं त्यांनी धरलं होतं.

बारावी झाले. मग जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. मुलगा आईकडे. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी, मी शेवटच्या बाकावर. पुस्तकं इंग्रजीत. रोज रात्री नऊ वाजता सिस्टरना मिस्ड कॉल द्यायचे, त्या उलट फोन करायच्या आणि दिवसभरातले पाच शब्द माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या. दुसऱ्या वर्षी त्या गावी परत गेल्या, नेटवर्क लागेना, फोन बंद झाले. आणि तुझा प्रश्न तेव्हा माझ्यापुढे उभा राहिला.

तर माझं उत्तर असं. पुष्कळ दिवस चालतं. मला स्वतःबद्दल खात्री वाटायला पास होऊनही दोन वर्षं गेली. तोवर सगळं उसन्यावरच चाललं होतं. ड्रेसिंगची ट्रॉली लावताना मी मनात म्हणायचे, सिस्टरनी मला ओव्हरला उभं केलं होतं, त्या वेड्या नव्हत्या. तुझे मास्तर वेडे आहेत का? चाळीसेक वर्षं कापड कापणारा माणूस साठ थरांवर भावनेनं मशीन देत नाही. त्यांनी तुझा हात पाहिलाय. तू स्वतःचा हात पाहिलेला नाहीस, कारण तुझी नजर अजून त्या तपासणाऱ्याच्या हातावर आहे.

शनिवारपर्यंत घरात मोठ्यानं म्हण, पंधरा हजार. भांडी घासताना म्हण. मी मुलाखतीच्या आधी "आय अॅम अ रजिस्टर्ड नर्स" हे एवढंच वाक्य बाथरूममध्ये म्हणत होते.

सुईदोरा_सोलापूर

ताई, तुम्ही लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, त्या बाईंना जेवायला बोलाव.

उंबरठा

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, कुणाचं मन दुखवायला नाही.

मलाही असे एक सर भेटले होते. त्यांच्यामुळेच मी एमपीएससीकडे वळलो. पण मला फक्त त्यांच्या डोळ्यांतून स्वतःकडे बघायची सवय लागली. तिसऱ्या प्रयत्नात पूर्वपरीक्षाच गेली, तेव्हा नापास झाल्यापेक्षा सरांना तोंड कसं दाखवू याचं दुःख मोठं होतं. दीड वर्षं मी त्यांच्या गल्लीतून गेलो नाही. शेवटी तेच घरी आले. निकालाबद्दल एक शब्द काढला नाही, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. आता मी सहकारी पतसंस्थेत आहे आणि बरा आहे.

म्हणून ताई, मास्तरांसाठी पंधरा मागू नका. घरभाड्यासाठी मागा, मुलं असतील तर त्यांच्यासाठी मागा. आणि पहिल्या महिन्यात एखादा लॉट बिघडला तर मास्तरांचा विश्वास खोटा ठरला असं समजू नका, त्यांनाच फोन करा.

जुनी_कात्रणं

पांढरी_टोपी ताईंच्या शंभर रुपयांवरून मला केळूसकर गुरुजी आठवले.

कृष्णराव अर्जुन केळूसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, त्याला पुस्तकं द्यायला लागले. तो मुलगा भीमराव आंबेडकर. तो मॅट्रिक झाला तेव्हाच्या सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. बाबासाहेब पुढे कुठवर गेले आणि १९५६ साली नागपुरात काय झालं ते आठवून पाहा, म्हणजे त्या भेटीचं वजन कळतं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. कॉलेजचं शिक्षण पैशांअभावी अडलं, तेव्हा केळूसकर स्वतः मध्ये पडले आणि सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. ज्या मुलाला शाळेत वेगळं बसवलं जात होतं, त्याच्यासाठी एक प्रतिष्ठित गृहस्थ महाराजांपुढे शब्द टाकतो. "हुशार आहेस" असं नुसतं म्हणून गुरुजी घरी जाऊ शकले असते. त्यांनी आपली पत त्या मुलामागे लावली.

सुईदोरा ताई, "माझ्या पगारातून कापा" हे तेच आहे. मास्तरांकडे लावायला पगारच होता, तो त्यांनी लावला.

सुईदोरा_सोलापूर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारी जाऊन आले.

धोटा दादा, वहीतून तीन लॉट उतरवून नेले होते. एकात मास्तरांपेक्षा माझं अॅव्हरेज खराब होतं. तेही लिहिलं. मास्तर म्हणाले होते खोडू नको.

केबिनमध्ये मालकांनी विचारायच्या आधीच मी पंधरा म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, बाहेर फिनिशिंगच्या बायकांना ऐकू गेला असं नंतर कळलं. मालकांनी कागद बघितला, खराब अॅव्हरेजवर बोट ठेवलं आणि म्हणाले, बारा देतो. आधी माझ्या तोंडातून "चालेल" निघालं असतं. तपासणाऱ्याचा हात डोळ्यापुढं आला, खोटं कशाला सांगू. मग मी म्हणाले, "मास्तरांना विचारून सांगते." लगेच वाटलं हे काही बरोबर नाही, तेच तर चाललेत. म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही, मीच सांगते. पंधरा." मालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तेरा आता, सीझन सुरू होताना पंधरा, असं म्हणाले. मी ते वहीत लिहून मागितलं. त्यांनी लिहिलं, सही केली, तारीख घातली.

मास्तरांना वही दाखवली. ते तेराच्या आकड्याकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "मी सुरू केलं तेव्हा मागितलंच नव्हतं." पुढे काही बोलले नाहीत, टेबल पुसायला लागले. उंबरठा दादा, त्यांचा हैदराबादचा नंबर घेतलाय.

काल रात्रीच्या गाडीनं ते गेले. उद्या ट्यूनिकचा लॉट आहे, चेक्सचं कापड. चौकटी बाजूच्या शिलाईला जुळल्या पाहिजेत, म्हणून प्रत्येक थर टाचणीवर लावावा लागतो. ४० थर आहेत. सकाळी आठला जाणार आहे, मशीनचं पातं आजच बदलून ठेवलंय.