रोबस्ट कंट्रोल : दणकट, सुदृढ की काटक?

उंबरठा: नियंत्रण अभियांत्रिकीचं एक टिपण मराठीत आणतेय. विषय अरेषीय (परिणाम कारणाच्या सरळ प्रमाणात नसतो अशा) प्रणालींचं रोबस्ट कंट्रोल, तेही तुटपुंज्या बँडविड्थच्या नेटवर्कवरून. मी 'दणकट नियंत्रण' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'सुदृढ' केलं. सुदृढ म्हटलं की मला बालक स्पर्धा आठवते. काय लिहू?

सोलापूरकर: दणकट नकोच, त्यात ताकद आली. इथे मुद्दा वेगळा आहे. आपण मांडलेलं गणित थोडं चुकलं, घर्षण किंवा वजन अंदाजापेक्षा वेगळं निघालं, तरी प्रणाली स्थिर राहिली पाहिजे. त्यापायी थोडी चपळाई गेली तरी चालते. भीमथडीच्या तट्टाला कोणी दणकट म्हणत नाही, काटक म्हणतात. 'काटक नियंत्रण' लिहा.

गंजीफा: वा! लॅटिनमध्ये रोबुर म्हणजे ओकचं कठीण लाकूड. काटकही काष्ठावरूनच आला असणार.

दोन_कानी: असणार म्हणजे? पुरावा द्या. आणि पोरं पेपरांत 'रोबस्ट'च वाचणार आहेत, तेच ठेवा. खरी गोची बँडविड्थची आहे. 'पट्टरुंदी' लिहाल तर फसाल. कंट्रोलवाल्यांची बँडविड्थ हर्ट्‌झमध्ये असते. इथे प्रश्न दर सेकंदाला किती बिट जातात हा. एकच अस्थिर चल घ्या, ज्याची चूक दर पावलाला चौपट होते. ती आटोक्यात ठेवायला पावलामागे सरासरी दोनाहून जास्त बिट लागतात, म्हणजे चारच्या द्विआधारी लॉगहून जास्त. तेवढे मिळाले नाहीत तर कंट्रोलर कितीही हुशार असो, हातची गेली. नायर-इव्हान्स आणि ताटिकोंडा-मित्तर यांचे २००४चे पेपर बघा. अरेषीय प्रणालींसाठी हेच एन्ट्रॉपीच्या, म्हणजे अनिश्चितता किती वेगाने वाढते त्या मापाच्या, भाषेत मांडलं गेलं, तेही त्याच वर्षी.

उंबरठा: मग 'बिटदर' करते. आणि क्वांटायझेशनला 'पुंजीकरण' चालेल?

सोलापूरकर: ताई, पुंज भौतिकीवाल्यांना राहू द्या. इथे सलग मोजमाप मोजक्या खणांत टाकायचं असतं, एवढंच. 'खणवारी' म्हणा.

दोन_कानी: खणवारी! उद्या ब्लाउजपीसवाले येतील विचारायला.

गंजीफा: एक सुचलं. काटक आणि काटकसर सख्खी भावंडं असणार. कमी बिटांत भागवणारं काटक नियंत्रण, म्हणजे काटकसरीच ना?

दोन_कानी: काटकसरीत काट आणि कसर आहे, आणि कसर अरबी. तुमचं काष्ठ तिथे कुठे बसवताय?

गंजीफा: कसर तुमची, काट माझा. काट कुठून आला ते सांगा आधी.